मिठाचा जमाखर्च



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या वर्गात बसलेले अनेक जण आज समोर दिसत आहेत. फळ्यावरचे वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतले की सर विचारायचे, "हे कशावरून?" पुस्तकात दिले आहे म्हणून, असे कोणी म्हटले की खडू त्याच्याच हातात यायचा. तो प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून मी आजचा विषय निवडला आहे. आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले एक वाक्य आज तपासायचे आहे.

वाक्य असे. सोडियमच्या बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या बाह्यतम कवचात सात. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, त्यामुळे दोघांचेही अष्टक पूर्ण होते, दोघांना स्थैर्य मिळते आणि आयनिक बंध तयार होतो. परीक्षेत याला पूर्ण गुण आहेत. यात जे घडते म्हणून सांगितले आहे ते खरे आहे. जे कारण दिले आहे ते मात्र हिशेबाला टिकत नाही. खरे कारण कितीतरी सुंदर आहे, आणि ते समजायला बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही. म्हणूनच ते मुलांपासून दूर राहावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी हे दोन पदार्थ नीट पाहू. सोडियम हा धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. चिमट्याने तुकडा बाहेर काढायचा, गाळणकागदावर टिपायचा आणि साध्या सुरीने कापायचा. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी लखलखते आणि बघता बघता मळते, कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा तिला लगेच खायला लागतात. पाण्यात टाकला तर हा धातू तरंगतो, वितळून गोळी होते, आणि ती गोळी फसफसत पाण्यावर सैरावैरा धावते. १८०७च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून आधी पोटॅशियम आणि काही दिवसांतच सोडियम वेगळे केले. पोटॅशियमचे पहिले चमकते थेंब दिसले तेव्हा तो खोलीभर आनंदाने नाचला, असे त्याच्या मदतनीस चुलतभावाने सांगून ठेवले आहे.

क्लोरीन हा पिवळट हिरवा, घशाला झोंबणारा वायू. कार्ल शेले याने तो १७७४मध्ये तयार केला, पण ते मूलद्रव्य आहे हे १८१०मध्ये ठामपणे सांगितले ते पुन्हा डेव्हीनेच. हवेपेक्षा जड असल्यामुळे हा वायू जमिनीलगत सरपटतो आणि खड्ड्यांत साचतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला, तो खंदकांतल्या माणसांवर. त्या हल्ल्याची आखणी करणारा शास्त्रज्ञ होता फ्रिट्झ हाबर. हे नाव लक्षात ठेवा. थोड्या वेळाने ते मिठाच्या हिशेबात पुन्हा येणार आहे.

असा हा कापता येणारा धातू आणि असा हा घातक वायू. दोघे एकत्र आले की पिवळ्याधमक ज्वाळेसह पांढरी भुकटी तयार होते, आणि ती आपण चिमटीने आमटीत टाकतो.

आता हिशेब मांडू. रसायनशास्त्रात जमाखर्च ऊर्जेचा असतो. मी सगळे आकडे एका मोलचे देणार आहे, म्हणजे साधारण २३ ग्रॅम सोडियम, साडेपस्तीस ग्रॅम क्लोरीन आणि त्यातून होणारे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ. समजा, सोडियमचे अणू सुटे सुटे, वायुरूपात आहेत आणि क्लोरीनचेही तसेच. सोडियमच्या अणूतला तो एकुलता एक बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते? ४९६ किलोज्यूल. ही ऊर्जा आपल्याला घालावी लागते. सोडियम इलेक्ट्रॉन 'देतो' असे आपण म्हणतो, पण तो ओढून काढावा लागतो. अणुकेंद्रात अकरा प्रोटॉन आहेत. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी त्यांचे आकर्षण बरेचसे झाकले असले तरी ते पुरते झाकलेले नाही. बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल आहे, मोकळा नाही.

बरे, तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला तर किती परत मिळते? ३४९ किलोज्यूल. क्लोरीन त्याचे स्वागत करतो हे खरे. त्याच्या अणुकेंद्रात सतरा प्रोटॉन आहेत आणि बाहेरच्या कवचातले सोबती एकमेकांना फारसे झाकत नाहीत, त्यामुळे येणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्राची ओढ चांगलीच जाणवते. पण ४९६ खर्चून ३४९ मिळाले, तर १४७चा तोटा झाला. अष्टक सोडियमचे पूर्ण झाले, क्लोरीनचे पूर्ण झाले, आणि तरीही दोघे मिळून आधीपेक्षा वरच्या ऊर्जेला जाऊन बसले. एकमेकांपासून दूर ठेवलेले हे दोन आयन आपापली अष्टके घेऊन अस्थिर आहेत. संधी मिळाली तर इलेक्ट्रॉन परत सोडियमकडे जाईल.

कोणी म्हणेल, ही जोडीच तशी असेल, दुसरी निवडा. निवडू या. साऱ्या आवर्तसारणीत इलेक्ट्रॉन सर्वांत स्वस्तात सोडणारे मूलद्रव्य म्हणजे सीझियम, त्याचा भाव ३७६ किलोज्यूल. आणि इलेक्ट्रॉन मिळाल्यावर सर्वांत जास्त ऊर्जा मोकळी करणारे मूलद्रव्य म्हणजे हाच आपला क्लोरीन, ३४९. फ्लोरीनसुद्धा याच्या मागेच. म्हणजे सर्वांत उदार धातू आणि सर्वांत हपापलेला अधातू यांची गाठ घातली तरी २७ किलोज्यूल पदरचे घालावे लागतात. निसर्गात अशी एकही जोडी नाही, जिच्यात एका सुट्या अणूने दुसऱ्या सुट्या, दूरच्या अणूला इलेक्ट्रॉन देणे फायद्याचे ठरते. ही गोष्ट मला रसायनशास्त्रातल्या अत्यंत महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक वाटते, आणि शालेय पुस्तकात तिला एक ओळसुद्धा मिळत नाही.

मग मीठ होते कसे? मघाच्या वाक्यात 'दूर' हा शब्द होता, सगळे तिथेच आहे. एक धन आयन आणि एक ऋण आयन जवळ येऊ लागले की कूलोमच्या नियमानुसार त्यांची ऊर्जा घसरते. अंतर निम्मे झाले की ही घसरण दुप्पट. १४७चा तोटा भरून निघायला दोघांतले अंतर साधारण ०.९४ नॅनोमीटरपर्यंत आले की पुरे. त्याहून दूर असताना इलेक्ट्रॉन सोडियमकडेच राहणे परवडते. त्या रेषेच्या आत आले की तो क्लोरीनकडे जाणे परवडू लागते. अणूंच्या मानाने हे अंतर मोठे आहे, कारण मिठाच्या स्फटिकात शेजारच्या सोडियम आणि क्लोरीनमधले अंतर ०.२८२ नॅनोमीटर, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. दोघे एकमेकांना टेकण्याच्या कितीतरी आधीच इलेक्ट्रॉन उडी मारू शकतो.

ही निव्वळ कागदावरची कल्पना नाही. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मायकेल पोलानी याने सोडियमची अतिविरळ वाफ आणि क्लोरीनसारखे वायू एकमेकांत मिसळून त्यांच्या मंद ज्वाळांचा अभ्यास केला. अणू आणि रेणू एकमेकांवर आदळल्यावर अभिक्रिया व्हावी, या अपेक्षेने त्याने वेग मोजला, तर तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. आदळण्याची वाट न पाहता सोडियम लांबूनच इलेक्ट्रॉन फेकतो आणि मग विद्युत आकर्षणाने समोरच्याला ओढून घेतो. देवमासा मारणारे दोर बांधलेला भाला फेकतात त्यावरून याला हार्पून यंत्रणा असे नाव पडले. पोलानीची प्रयोगशाळा ज्या संस्थेत होती तिचा संचालक होता फ्रिट्झ हाबर.

जोडीचा फायदा कळला, तरी मीठ अजून झालेले नाही. मिठाचा स्फटिक ही जोड्यांची रास नाही, हे कळायला १९१३ साल उजाडावे लागले. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्याचा मुलगा लॉरेन्स यांनी क्ष-किरण स्फटिकांवर टाकले आणि परतणाऱ्या किरणांवरून आतली मांडणी वाचली. मुलाने ज्या पहिल्या काही पदार्थांची रचना उलगडली त्यांत साधे मीठ होते. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. हीच मांडणी तिन्ही दिशांना सुरू राहते, स्फटिकाची कड येईपर्यंत. या सोडियमचा जोडीदार कोणता क्लोरीन, असे विचारले तर उत्तर नाही. सोडियम क्लोराइडचा रेणू स्फटिकात कुठेही सापडत नाही. १९१५चे नोबेल पितापुत्रांना मिळून मिळाले, तेव्हा लॉरेन्स अवघा पंचवीस वर्षांचा होता.

हे पचायला सोपे नव्हते. इंग्लंडमधला नामवंत रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग याने १९२७मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, 'नेचर' नियतकालिकात बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन एक संतापलेले पत्र लिहिले. मीठ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून पालटून मांडलेली सोडियम आणि क्लोरीनची रांग, त्यात रेणू म्हणून काही नाहीच, हे त्याला अक्कलहुशारीला सोडून वाटत होते. मला या पत्राबद्दल आदर आहे. रेणू हीच पदार्थाची ओळख, हे ज्या पिढीने साठ-सत्तर वर्षे घासून सिद्ध केले तिला हा धक्का बसणारच. आजही वर्गात आपण एक सोडियम, एक क्लोरीन आणि मध्ये बाण असे चित्र काढतो, तेव्हा आर्मस्ट्राँगचे मत आपल्या नकळत चालू ठेवतो.

घरी भिंग असेल तर साध्या मिठाचे कण काळ्या कागदावर पसरून पाहा. पुष्कळ कण चौकोनी, घनासारखे दिसतील. कडा झिजलेल्या असतील, पण काटकोन शाबूत असतात. खडेमिठाचा एखादा चांगला स्फटिक घेऊन त्याच्या एका बाजूला समांतर सुरीचे पाते टेकवले आणि वरून हलकेच ठोकले, तर तो सपाट पृष्ठावर फुटतो आणि तुकडेही पुन्हा चौकोनीच निघतात. ०.३ मिलिमीटर कडेच्या एका बारीक कणात एकेका कडेवर दहा लाखांहून अधिक आयन ओळीने बसलेले असतात. तो ठोका बसला तेव्हा आतला एक थर दुसऱ्यावर फक्त एका घराने सरकला. पण तेवढ्याने धन आयनासमोर धन आणि ऋण आयनासमोर ऋण आले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना दूर लोटले. तांब्याची तार ठोकली तर पसरते आणि मीठ ठोकले तर फुटते, याचे कारण एवढे छोटे आहे.

आता या मांडणीत ऊर्जा किती मोकळी होते ते मोजू. एका सोडियमपासून सुरुवात करा. ०.२८२ नॅनोमीटरवर सहा क्लोरीन त्याला ओढत आहेत. त्यानंतर, कर्णाच्या अंतरावर, बारा सोडियम आहेत आणि ते त्याला दूर ढकलत आहेत. त्यापुढे आठ क्लोरीन, पुन्हा ओढणारे. त्यापुढे सहा सोडियम, पुन्हा ढकलणारे. ही आलटून पालटून चालणारी बेरीज अनंतापर्यंत जाते आणि पदांची मांडणी जपून केली नाही तर कुठेच स्थिरावत नाही. १९१८मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्विन मॅडेलुंग याने ती नीट करायची रीत दाखवली. उत्तर आले १.७४७६. म्हणजे तेवढ्याच अंतरावरच्या एका सुट्या जोडीला जितकी ऊर्जा मिळते त्याच्या पावणेदोन पट, स्फटिकात. ढकलणारे शेजारी असूनही बेरीज फायद्यात राहते, कारण प्रत्येकाचे सर्वांत जवळचे शेजारी विरुद्ध प्रभाराचे आहेत.

आकड्यांत सांगायचे तर सुट्या जोडीचे आकर्षण ४९३ किलोज्यूल, त्याची पावणेदोन पट म्हणजे ८६०च्या आसपास. आयन फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना रेटतात, त्यात यातला साधारण दहावा हिस्सा जातो. प्रत्यक्षातला आकडा ७८७ आहे. शाळेत शिकवलेला कूलोमचा नियम, एक अंतर आणि एक बेरीज एवढ्या सामग्रीवर आपण खऱ्या आकड्याच्या इतके जवळ येतो.

हे ७८७ किलोज्यूल म्हणजे आयनांचा स्फटिक बांधला जाताना मोकळी होणारी ऊर्जा, तिला जालक ऊर्जा म्हणतात. आता खतावणी पूर्ण करू. घन सोडियमची वाफ करायला १०७ खर्च. तिच्यातून इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनच्या रेणूतून अणू सुटे करायला १२२. एकूण ७२५. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर ३४९ परत, म्हणजे निव्वळ ३७६ खर्च. आणि स्फटिक झाल्यावर ७८७ जमा. शिल्लक ४११. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ तयार होताना बाहेर पडणारी उष्णता प्रत्यक्ष मोजली तर तीही ४११ किलोज्यूलच.

अशी खतावणी १९१९मध्ये मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडली. ईप्रनंतर चार वर्षांनी हाबर पुन्हा क्लोरीनकडे आला, तो असा. त्या काळी क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर किती ऊर्जा मोकळी होते हे थेट मोजता येत नव्हते. बाकी सगळे आकडे माहीत, स्फटिकाची ऊर्जा बॉर्न आणि लांडे यांच्या सिद्धांतावरून काढलेली, तेव्हा उरलेला एकच अज्ञात आकडा वजाबाकीने मिळाला. त्याच माणसाने, त्याच मूलद्रव्याविषयी, मानवी बुद्धीचे इतके स्वच्छ काम करून ठेवले. यातून हाबरचा गुन्हा कमी होत नाही. पण मिठाचा हिशेब शिकवताना हाबरचे नाव घ्यायचे तर दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, असे माझे मत आहे.

तर बंध कशाने होतो? देण्याने नाही आणि घेण्याने नाही. देण्याघेण्यात तोटाच आहे. तो तोटा स्फटिक भरून काढतो. आयनिक बंध दोन अणूंमधला करार नाही, तो साऱ्या स्फटिकाचा आहे.

मग अष्टकाचे काय? १९१६मध्ये जर्मनीत वाल्टर कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी, दोघांनी वेगवेगळे, आठ इलेक्ट्रॉनांच्या रचनेचे महत्त्व दाखवले. कोसेलच्या लक्षात आले की राजवायूंच्या आगेमागे असलेली मूलद्रव्ये आयन होताना राजवायूसारखीच इलेक्ट्रॉन रचना घेतात. हे निरीक्षण पक्के आहे. फक्त ते कारण म्हणून न वापरता थांबा म्हणून वापरायला हवे. अष्टक सांगते की व्यवहार कुठे थांबतो. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ला मिळाला, दुसरा हवा असेल तर ४५६२ मोजा. कारण तो आतल्या कवचातला, केंद्राजवळचा. सोडियमचे दोन इलेक्ट्रॉन काढून दोन क्लोरीनना दिले असते तर तसा स्फटिक मॅग्नेशियम क्लोराइडसारखा झाला असता, आणि त्याची जालक ऊर्जा २५००च्या आसपास भरली असती. पाच हजारांचा खर्च त्यातून भरून निघत नाही. म्हणून सोडियम एकावर थांबतो.

उलट मॅग्नेशियम पाहा. पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १४५१. दुसरा दुप्पट महाग, तरी तो जातो. एक देऊन थांबला असता तरी थोडा फायदा होताच, पण दोन दिल्यावर स्फटिक इतका घट्ट होतो की वरचा खर्च भरून मोठी शिल्लक राहते. शाळेत आपण सगळ्यांनी मॅग्नेशियमची फीत जाळून पाहिली आहे. डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि चिमट्यात राहिलेली पांढरी राख. ती राख मॅग्नेशियम ऑक्साइडची. तिच्यातल्या ऑक्सिजनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की १४१ किलोज्यूल मोकळे होतात. पण दुसरा घ्यायला तो तयार नसतो, कारण आता तो स्वतःच ऋण आहे. त्या दुसऱ्यासाठी सातशेहून अधिक किलोज्यूल खर्चावे लागतात. अष्टक पूर्ण झालेला, दोन ऋण प्रभारांचा ऑक्सिजन आयन मोकळ्या जागेत एकटा टिकतच नाही, एक इलेक्ट्रॉन टाकून देतो. तो जगतो फक्त स्फटिकात, सहा मॅग्नेशियम आयनांच्या वेढ्यात. तिथे दोन्ही बाजूंचे प्रभार दुप्पट, म्हणून आकर्षण चौपट, आणि अंतरही मिठापेक्षा कमी. जालक ऊर्जा सुमारे ३८०० किलोज्यूल. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, ही राख २८०० अंशांच्याही वर. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून या ऑक्साइडच्या विटांचे अस्तर देतात ते यामुळेच. अष्टक पूर्ण म्हणजे स्थिर, हे खरे असते तर हा आयन कुठेही टिकायला हवा होता.

धातू आणि अधातू भेटले की आयनिक बंध, हा नियमही जरा सैल धरावा लागतो. ॲल्युमिनियम धातू, क्लोरीन अधातू, पण ॲल्युमिनियम क्लोराइड १८० अंशांच्या आसपास वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन जाते, जे मिठाच्या स्वप्नातही येणार नाही. तीन धन प्रभारांचा इवलासा ॲल्युमिनियम आयन शेजारच्या मोठ्या क्लोरीनचा इलेक्ट्रॉन ढग स्वतःकडे ओढून घेतो आणि देणे अर्धवट राहून वाटून घेणे सुरू होते. काझिमिर्झ फायान्स याने १९२३मध्ये याचे नियम बांधले. दुसऱ्या टोकाला नवसागर आहे. पूर्वी कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकून कापसाने कथील फिरवायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात धातू नावालाही नाही, तरी तो आयनांचाच स्फटिक आहे. १९७४मध्ये अमेरिकेत जेम्स डाय याने तर सोडियमचाच ऋण आयन असलेला स्फटिक तयार केला. इलेक्ट्रॉन देणारा म्हणून प्रसिद्ध असलेला सोडियम तिथे घेणारा झाला, कारण दुसऱ्या सोडियमच्या धन आयनाला एका मोठ्या सेंद्रिय रेणूने पिंजऱ्यात घट्ट धरले होते आणि खतावणीची बेरीज पालटली होती. आणि २०१३मध्ये प्रचंड दाबाखाली एका सोडियमला तीन क्लोरीन, तीन सोडियमना एक क्लोरीन असे स्फटिक मिळाले. शाळेतल्या संयुजेच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. दाब वाढला की अंतरे बदलतात, अंतरे बदलली की आकडे बदलतात, आणि नियम आकड्यांच्या मागून चालतो.

आता शेवटचा भाग, पाण्याचा. ८०१ अंशांपर्यंत न हलणारे मीठ गार पाण्यात काही सेकंदांत विरते. पाण्यात प्रभारांमधली ओढ सुमारे ८० पटींनी कमी होते. शिवाय पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू सोडियमकडे आणि हायड्रोजनची बाजू क्लोरीनकडे करून त्यांना वेढतात आणि या वेढ्यातून ऊर्जा मोकळी होते. स्फटिक मोडायला ७८७ लागतात, वेढ्यातून ७८३च्या आसपास मिळतात. चारेक किलोज्यूलची तूट पाण्याच्याच उष्णतेतून भरली जाते, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होते. ऊर्जेत तूट असूनही मीठ विरघळते, कारण मांडणी मोडून मोकळे फिरण्याकडेही निसर्गाचा कल असतो. इथे फक्त ऊर्जेची वही पुरत नाही.

विरघळलेल्या मिठात आयन सुटे असतात, हे स्वांते अर्‍हेनियसने १८८४मध्ये स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठात प्रबंधात मांडले, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम श्रेणी दिली. १९०३मध्ये त्याच कामाला नोबेल मिळाले. पण मिठासारख्या क्षारांच्या बाबतीत त्याच्या सिद्धांताचे आकडे जुळत नव्हते. १९१८मध्ये कोलकात्यात ज्ञानचंद्र घोष या पंचविशीच्या आतल्या तरुणाने सांगितले की असे क्षार पाण्यात पुरतेच सुटतात, आणि जी तफावत दिसते ती सुटलेल्या आयनांच्या परस्पर विद्युत आकर्षणामुळे. आयनांची मांडणी द्रावणातही स्फटिकासारखीच असते, फक्त विरळ, असे त्याने धरले. ते गृहीतक चुकीचे ठरले आणि १९२३मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी अधिक चांगले चित्र दिले. पण प्रश्न आकर्षणाचा आहे, हा घोषांचा मुद्दा बरोबर होता. हेच घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आणि नंतर खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे संचालक झाले. कूलोमच्या नियमाचा धागा स्फटिकातून द्रावणात आणणाऱ्यांत एक भारतीय तरुण होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

वसई, भाईंदर, उरण, पेण, गोव्यात रायबंदर, अशा ठिकाणच्या मिठागरांवर हा सगळा हिशेब उलट दिशेने चालतो. भरतीचे पाणी खाजणातून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवत न्यायचे. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आले की आधी जिप्सम तळाशी बसते. कॅल्शियम आणि सल्फेट या दोघांचेही प्रभार दुहेरी, त्यांचा स्फटिक पाण्याच्या वेढ्याला भारी पडतो. पाणी दहाव्या हिश्शाच्या आसपास उरले की मीठ पडू लागते. सर्वांत शेवटपर्यंत पाण्यात राहते ते मॅग्नेशियम. त्याचाही प्रभार दुहेरीच, पण आयन इतका लहान की पाण्याचे रेणू त्याला फार जवळून वेढतात. एका मोल मॅग्नेशियम आयनांना पाणी सुमारे १९०० किलोज्यूल देते, सोडियमला चारशेच्या आसपास. दुहेरी प्रभाराने जिप्समला खाली बसवले आणि त्याच दुहेरी प्रभाराने मॅग्नेशियमला वर ठेवले. दोन्हीकडे नियम एकच आहे, फक्त आकडे वेगळे.

मिठागरावरची माणसे वाफा पुरता कोरडा होऊ देत नाहीत. मीठ ओढून घेतात आणि उरलेले कडू पाणी सोडून देतात. ते सोडले नाही तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठात राहते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतले पाणी ओढू लागते ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांपासूनच ओढू लागते, म्हणून तो अंश राहिलेले मीठ मृग लागायच्याही आधी बरणीत पाझरायला लागते.